केनयार्डातल्या कचेरीची जोडणी : काटा, फोन आणि पाहुण्यांचे वायफाय



कचेरीत संगणक, फोन, कॅमेरे आणि वायफाय यांची नवी जोडणी करायची म्हटली की वार्षिक सभेपुढे एक आकडा येतो. एखादा सभासद उठून "एवढा खर्च कशाला?" असे विचारतो, कोणीतरी त्याला खाली बसवतो आणि विषय मंजूर होतो. खरे तर सभेने वेगळीच विचारणा करायला हवी. एकाच तारेवरून कोणकोण जाणार, आणि गर्दी झाली तर आधी वाट कोणाला? पाटाच्या पाळीवरून भांडणे पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. संगणकाचे नाव काढले की मात्र आपण उगाच गप्प बसतो. ते बसणे बरे नव्हे, म्हणून हा पाठ.

प्रथम वारणेचे उदाहरण घेऊ, कारण साखर कारखाना आणि संगणकाची जोडणी हा विषय महाराष्ट्रात निघाला की सुरुवात तिथूनच होते. १९९८ साली वारणानगर परिसरात गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे तीत धरली होती. खर्चातला ५० टक्के वाटा केंद्र सरकारचा, ४० टक्के राज्य सरकारचा आणि १० टक्के वारणा समूहाचा होता. गावोगावी ५४ केंद्रे उभी राहिली. शेतकऱ्याने गावातच बसून बाजारभाव पाहावा, पिकाचा सल्ला घ्यावा, सरकारी कागद मिळवावेत, अशी मोठी कल्पना होती.

पुढे २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्राची माणसे तिथे गेली आणि केंद्रांवर नेमके काय चालते ते त्यांनी पाहिले. लोक तिथे मुख्यतः कारखान्याशी असलेला आपला हिशेबच विचारायला येत होते. ऊस किती गेला, खताचे किती झाले, बाकी किती. संगणक मात्र महागडे होते आणि त्यांची देखभालही जड जात होती. म्हणून सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाऐवजी साधा मोबाईल वापरून पाहिला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा आणि उत्तर एसएमएसनेच यायचे. काम भागले.

यावरून वारणेची योजना फसली असा अर्थ कोणी काढू नये. १९९८ साली गावात फोन लागायची मारामार होती, त्या काळात एवढे उभे करणे ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही त्यातून एवढेच घेतो की सामान मागवण्याआधी सभासद काय विचारायला येतो ते लिहून काढावे. ती उत्तरे फार थोड्या जागेत मावतात. किती थोड्या, ते आता हिशेबाने पाहू.

समजा, आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या, रिसोड किंवा मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या कारखान्याचे शेतकी कार्यालय आहे. केनयार्डाला लागून पाच खोल्या आणि समोर पत्र्याची पडवी. शेतकी अधिकारी, हिशेबनीस, स्लिपबॉय धरून दहा-बारा माणसे कामाला. आठ फोन. यार्डात चार कॅमेरे. सत्तर मीटरवर वजनकाट्याची खोली. आणि यार्डात रात्रभर नंबर लावून बसलेले ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, बैलगाडीवाले, त्यांच्याबरोबर आलेली तोडणीची माणसे. गाळप दिवसाला २५०० टन धरा. इंटरनेटची जोडणी ५० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला पाच कोटी अक्षर-खुणा जातील एवढी. या खुणांना बिट म्हणतात.

आधी काटा. २५०० टनांसाठी साधारण दोनशे वाहने येतील. प्रत्येकाचे वजन दोनदा, एकदा भरलेले आणि एकदा रिकामे. झाली चारशे वजने. एका वजनाची नोंद, सभासदाचे नाव, गट नंबर, वाहन आणि वेळ धरून, दहा किलोबाइट म्हटली तरी फार झाली. म्हणजे दिवसभराचा सगळा काटा चार मेगाबाइटमध्ये बसला. एक मिनिटाचे गाणे मोबाईलवर चांगल्या चित्रासह पाहिले तर त्याहून जास्त जागा लागते!

आता फोन. तारेवरून बोलणे पाठवायचे तर चांगल्या आवाजाच्या एका संभाषणाला जाताना आणि येताना सुमारे १०० केबीपीएस लागतात. आठांपैकी पाच फोन एकदम चालू राहिले तर ५०० केबीपीएस, म्हणजे आपल्या ५० एमबीपीएसचा शंभरावा हिस्सा. फोन खादाड नाही, पण तो हळवा आहे. पत्र पाच सेकंद उशिरा आले तर कोणाचे बिघडत नाही. आवाज मात्र एका बाजूने १५० मिलिसेकंदांपेक्षा उशिरा पोचू लागला की दोघेही एकदम बोलतात, दोघेही एकदम थांबतात आणि शेवटी "हॅलो, हॅलो" एवढेच शिल्लक राहते. म्हणून फोनला जागा थोडी द्यावी, पण पाळी पहिली द्यावी.

कॅमेरे चार, प्रत्येकी दोन एमबीपीएस, एकूण आठ. हे चित्रण इंटरनेटवर चढवत बसू नये. कचेरीतच नोंदयंत्र ठेवून त्यात साठवावे, म्हणजे बाहेरच्या तारेवर त्याचा भार येत नाही.

राहिले पाहुण्यांचे वायफाय. यार्डातल्या चाळीस माणसांनी रात्री दहा वाजता चित्रपट लावला आणि प्रत्येकाने दीड एमबीपीएस ओढले, तर ६० एमबीपीएस झाले. आपली सगळी तार ५० ची! म्हणजे वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाट फोडून घेतला आणि खाली टेलच्या शेतकऱ्याला ओल मिळाली नाही, तशी गत. आणि इथे टेलला बसलाय तो काटा.

हे उलटे गणित सभासदांनी नीट ध्यानात घ्यावे. सर्वांत कमी जागा लागणारी माहिती आपल्याकडे सर्वांत मोलाची आहे, आणि सर्वांत जास्त जागा खाणारी ती करमणुकीची. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. हे १४ दिवस मोजायचे कशावरून? काट्याच्या नोंदीवरून. ती नोंद हिशेब खात्यात अडकली, दुबार झाली किंवा हरवली, तर सभासदाच्या हातात फक्त पावतीचा कपटा राहतो.

म्हणून काही जण सुचवतात की पाहुण्यांना वायफाय देऊच नये. आम्हाला हे पटत नाही. तोडणीला आलेल्या कुटुंबातला माणूस सहा-सहा महिने घरापासून लांब असतो. रात्री नंबराची वाट पाहताना त्याने गावाकडे पोरांशी चित्रासह दोन शब्द बोलले, तर कारखान्याचे काय जाते? सभासदालाही पडवीत बसून आपला हिशेब मोबाईलवर पाहता यावा. द्यावेच, पण चारी वेगळी काढून द्यावे.

चारी वेगळी काढायची म्हणजे दुसरी तार ओढायचीच असे नाही. चांगल्या प्रतीचा स्विच, ज्याला व्यवस्थापन करता येणारा स्विच म्हणतात, तो एकाच तारेवर अनेक चाऱ्या पाडून देतो. त्यांना व्हीलॅन म्हणतात. प्रत्येक चारीला एक क्रमांक द्यायचा. आपल्या उदाहरणात काटा व हिशेब यांना १०, फोनला २०, कॅमेऱ्यांना ३० आणि पाहुण्यांना ४०. निघणारे प्रत्येक पुडके आपला क्रमांक कपाळावर घेऊन निघते आणि स्विच त्याला दुसऱ्या चारीत शिरू देत नाही. बाजारात मिळणारा स्वस्त, साधा स्विच हे करत नाही; त्याच्या पोटात सगळे पाणी एकच. दरपत्रकात फक्त 'स्विच, २४ मुखांचा' असे लिहिले असेल तर तिथेच बोट ठेवून विचारावे.

चाऱ्या पाडल्या की राउटरवर दारे बसवायची. ४० नंबरच्या चारीचे दार फक्त बाहेर इंटरनेटकडे उघडेल. १०, २० आणि ३० कडे तिला वाट नाही. शिवाय पाहुण्यांच्या सगळ्या चारीला मिळून १५ एमबीपीएस आणि एका मोबाईलला एक एमबीपीएस अशी मर्यादा घालावी. एवढ्यात घरी बोलणे होते, निरोप जातो, हिशेब दिसतो. चित्रपट जरा अडखळेल, अडखळू द्या. मर्यादा येण्याच्या आणि जाण्याच्या अशा दोन्ही दिशांना घालायला विसरू नये. कित्येक जोडण्यांत वर पाठवण्याची वाट खाली येण्याच्या वाटेपेक्षा अरुंद असते, आणि फोनवरचा आपला आवाज त्याच अरुंद वाटेने जातो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण ऐन बिलाच्या दिवशी तीच नडते. वायफायवर येणाऱ्या प्रत्येक मोबाईलला राउटर एक पत्ता देतो. नेहमीच्या मांडणीत एका चारीत असे २५४ पत्ते असतात, त्यातला एक राउटरचा स्वतःचा. राउटर तो पत्ता एका माणसाच्या नावे चोवीस तास राखून ठेवत असेल, तर सकाळी येऊन गेलेल्या माणसाचा पत्ता संध्याकाळीही अडकलेला राहतो. बिलाच्या दिवशी तीनशे माणसे आली की दुपारपर्यंत पत्ते संपतात. मग वायफायची खूण दिसते, पण जोडणी होत नाही, आणि "मशीन खराब आहे" म्हणून तक्रार जाते. मशीन ठणठणीत असते. पाहुण्यांच्या चारीत पत्त्याची मुदत एक-दोन तासांवर आणावी, झाले.

आता परवलीच्या शब्दाचे. काही कचेऱ्यांत भिंतीवर खडूने परवलीचा शब्द लिहिलेला असतो, आणि तोच शब्द हिशेबाच्या वायफायलाही चालतो. ही पद्धत अत्यंत धोक्याची आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल गेला होता. तपास करता तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे निघाले. घरातल्या माणसाचा काही संबंध नसताना पोलीस त्याच्या दारात आले. पुढे २००९ साली दूरसंचार विभागाने वायफाय उघडे ठेवू नये, वापरणाऱ्याची ओळख पटवावी, अशा सूचना काढल्या. म्हणून पाहुण्याने आपला मोबाईल क्रमांक द्यावा, त्यावर आलेला आकडा टाकावा आणि मग वाट उघडावी, ही व्यवस्था ठेवावी. तिला ओटीपी म्हणतात. बँकेमुळे ती आता सगळ्यांना ठाऊक आहे. ही नोंद किती काळ आणि कोणी जपायची, हे इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्यावे. आपल्याकडे जमलेले हे क्रमांक म्हणजे लोकांची खाजगी माहिती आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशाच माहितीसाठी आहे. ते क्रमांक जाहिरातीचे संदेश पाठवायला वापरू नयेत.

यार्डात वायफायची पेटी बसवणे हेही एक कसब आहे. पत्र्याला लहरी आपटून परततात. उसाने भरलेली ट्रॉली म्हणजे पाण्याने भरलेली भिंतच समजा, ती लहरी पिऊन टाकते. म्हणून पेटी पडवीच्या आत, लोखंडी कपाटावर ठेवून यार्डभर वायफाय पसरेल अशी आशा धरू नये. ट्रॉलीच्या डोक्यावरून नजर जाईल एवढ्या उंचीवर, खांबावर, पावसाचे पाणी न शिरणारी पेटी बसवावी. लांब जाणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच मार्ग एकमेकांना न घासता चालतात. दोन पेट्या असतील तर एकीला १ द्यावा, दुसरीला ६. कचेरीच्या आत मात्र ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बरा.

तारेकडे वळू. तांब्याची केबल एका ओढीत १०० मीटरपर्यंत चालते. काटा तर ७० मीटरवरच आहे, मग तांबेच टाकू, असे कंत्राटदार म्हणेल. ऐकू नये. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकली की विजेला एक वाट मोकळी करून दिल्यासारखे होते. मृगाच्या आधीच्या वळवात आपल्याकडे विजा कशा कडाडतात ते सांगायला नको. शिवाय त्या हंगामातही येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली विदर्भ-मराठवाड्यातली गारपीट आठवा. एका इमारतीजवळ वीज पडली तरी तांब्याच्या तारेने ती दुसऱ्या इमारतीतला स्विच, काट्याचा संगणक आणि फोन, सगळेच जाळू शकते. काचेच्या तंतूची केबल, म्हणजे ऑप्टिकल फायबर, विजेला वाट देत नाही. मात्र आत आधाराला धातूची तार नसलेलीच केबल मागावी. ती जाड नळीतून जमिनीखालून न्यावी, नळीची तोंडे बंद करावीत. उंदीर केबल कुरतडतात, आणि साखर कारखान्यात उंदरांना तोटा नसतो.

काट्याच्या खोलीत आणखी एक गोम आहे. वजन दाखवणाऱ्या यंत्रापासून संगणकापर्यंत जुन्या पद्धतीची जी तार असते, ती साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. म्हणून काट्याचा संगणक कचेरीत आणून ठेवायचा मोह टाळावा. तो काट्याच्या खोलीतच राहू द्यावा. आणि बाहेरची सगळी जोडणी तुटली तरी वजन घेणे, पावती छापणे आणि नोंद त्याच संगणकात जपून ठेवणे चालूच राहिले पाहिजे. जोडणी परत आली की साठलेल्या नोंदी आपोआप हिशेब खात्यात जाव्यात, एक नोंद दोनदा न जाता. जोडणी नाही म्हणून काटा थांबला, अशी पाटी लागत असेल तर ती मांडणी मुळातच चुकलेली आहे, मग यंत्र कितीही भारी असो. संगणक पुरवणाऱ्याला सभेपुढे उभे करून, त्याच्या हाताने तार उपटायला लावून हे दाखवायला सांगावे. सारा कार्यक्रम पाच मिनिटांचा आहे.

फोनच्या बाबतीत जुन्या माणसांचा एक अनुभव इथे उलटा पडतो. पूर्वीचा तारेचा फोन कचेरीतली वीज गेली तरी वाजायचा, कारण त्याला वीज टेलिफोन केंद्रातून तारेतूनच मिळत असे. इंटरनेटवरच्या फोनचे तसे नाही. स्विच बंद पडला की आठही फोन मुके. म्हणून काट्याच्या खोलीत एक साधा मोबाईल चार्ज करून ठेवावा, आणि ११२ व १०८ हे आकडे भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत. यार्डात ट्रॅक्टर उलटला तर कोणी केबल तपासत बसू नये. कचेरीतल्या कचेरीत फोन फुकट चालतात. बाहेरच्या क्रमांकांना जोडून देण्याचे नियम वेगळे आहेत. तिथे कंत्राटदाराची तोंडी हमी उपयोगाची नाही, परवाना असलेल्या कंपनीकडूनच वाट घ्यावी.

विजेचा हिशेब सोपा आहे. राउटर आणि फायबरची पेटी मिळून २० वॅट, स्विच २०, आठ फोन प्रत्येकी चार म्हणजे ३२, वायफायच्या दोन पेट्या २४. बेरीज ९६, शंभर धरू. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. ती टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये थोडी वाया जाते. शंभर वॅटला सात तास मिळाले तर समाधान मानावे. हा संच फक्त जोडणीच्या सामानाला द्यावा. त्याच बोर्डावर पंखा, चहाची शेगडी आणि साहेबांचा कूलर लागला की सात तासांचा अर्धा तास होतो. काट्याच्या संगणकाला वेगळी बॅटरी हवी. हंगामात कारखाना स्वतःची वीज करतो, मग याची गरज काय, असे कोणी म्हणेल. टर्बाइन थांबते तेव्हाच तर यार्डात गाड्या तुंबतात आणि फोन खणखणू लागतात.

पैसे कमी पडत असतील तर कशाला कात्री लावावी, हेही सांगतो. चांगले अर्थिंग, बॅटरी, काट्यापर्यंतचे फायबर आणि चाऱ्या पाडणारा स्विच, या चार गोष्टींत हात आखडू नये. फोन आठऐवजी पाच चालतील. खांबावरची वायफायची पेटी पुढच्या हंगामात आली तरी चालेल. तोवर पडवीपुरते पाहुण्यांचे वायफाय द्यावे. महागड्या फोनवरचे रंगीत पडदे तर कोणीच मागू नयेत.

काम पुरे झाले असे कंत्राटदाराने सांगितल्यावर, शेवटचा हप्ता देण्याआधी, संचालक मंडळाने दोन सभासद सोबत घेऊन पाहणी करावी. एकाने पाहुण्यांच्या वायफायवर मोबाईल जोडावा आणि काट्याच्या संगणकाचा पत्ता टाकून पाहावा. काहीच उघडता कामा नये. मग वीस-पंचवीस माणसांनी एकदम चित्रपट लावावेत आणि त्याच वेळी दुसऱ्याने कचेरीतल्या फोनवरून काट्याच्या खोलीशी बोलावे. आवाज तुटला तर मर्यादा नीट बसलेली नाही. नंतर मुख्य वीज बंद करून घड्याळ लावावे. राउटर, स्विच आणि कॅमेरे यांचे कारखान्याहून आलेले मूळचे परवलीचे शब्द बदललेत का, ते विचारावे. नवे शब्द बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवावेत, म्हणजे एक माणूस नोकरी सोडून गेला तरी कचेरी अडत नाही. कोणती केबल कुठून कुठे जाते त्याचा नकाशा काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा, आणि केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक बांधावा.

ही सगळी पाहणी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी किमान पंधरा दिवस उरकावी. एकदा मोळी पडली की काट्याची तार उपटून पाहायची सवड कोणालाच मिळत नाही.